न सांगितलेलं काम: प्रस्तावना

संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी माणसं हे काम का करतात, या प्रश्नाचं आपल्याकडचं रूढ उत्तर पगाराच्या आकड्यात दिलं जातं. मुलगा किंवा मुलगी 'आयटी'त आहे म्हटलं की हिंजवडी, फ्लॅट, गाडी आणि अमेरिकेची एखादी वारी एवढं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. ते चित्र खोटं नाही. गेल्या तीसेक वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची स्थिती या धंद्याने पालटली आणि त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. पण आज जगाचा व्यवहार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्याचा फार मोठा भाग लिहायला कुणी सांगितलेलंच नव्हतं. लिहिताना त्याचे पैसे मिळतील अशी आशा नव्हती, आणि लिहून झाल्यावर लिहिणाऱ्याने तो जगाला देऊन टाकला. लिनक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली हा त्यातला सर्वांत ठळक नमुना. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो आहे. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तोच आहे. त्याची सुरुवात १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निव्वळ हौसेखातर केली होती.

हे पुस्तक अशा कामामागच्या प्रेरणांविषयी आहे. लिहिताना दोन प्रकारचे वाचक माझ्यासमोर होते. संगणक अभियांत्रिकी शिकणारी मुलं-मुली हे पहिले. चार वर्षांत प्लेसमेंटखेरीज दुसरं उद्दिष्ट त्यांना बहुधा कुणी दाखवलेलं नसतं. दुसरे वाचक म्हणजे ज्यांचा प्रोग्रामिंगशी काही संबंध नाही, पण ज्यांचं वीजबिल, सातबारा, रेल्वेचं आरक्षण आणि दवाखान्यातले रिपोर्ट आता प्रोग्रामच्या हवाली झाले आहेत असे सगळे. दोघांनाही मला एकच गोष्ट सांगायची आहे. या क्षेत्रातलं उत्तम काम आनंदातून सुरू होतं, पण नुसत्या आनंदावर ते टिकत नाही. ते टिकवायला कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागते, आणि ती जबाबदारी एकट्याच्या अंगावर टाकून बाकीच्यांनी निर्धास्त राहणं हा अन्याय आहे. शिवाय धोकाही आहे.

'हॅकर' हे नाव पुस्तकात जागोजागी येईल. आपल्या वर्तमानपत्रांत हॅकर म्हणजे पासवर्ड चोरणारा, खात्यातले पैसे लांबवणारा. हा अर्थ १९८० च्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांतून रुळला आणि तिथून आपल्याकडे आला. त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधीपासून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, यंत्राच्या अंतरंगात शिरून त्याच्याकडून काहीतरी कल्पक करून घेणाऱ्याला हॅकर म्हणत. हे नाव मिळणं मानाचं होतं. मी ते याच जुन्या अर्थाने वापरलं आहे.

या संस्कृतीचं मूळ गाव दाखवायचंच तर ते एमआयटीच्या इमारत क्रमांक २० मध्ये होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तात्पुरती म्हणून उभारलेली ही लाकडी इमारत. खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या 'टेक मॉडेल रेलरोड क्लब'ची जागा याच इमारतीत होती. क्लबात दोन पंथ होते. एका पंथाला डबे, इंजिनं, डोंगर, स्टेशनं हुबेहूब घडवण्यात रस होता. दुसऱ्याचं सगळं लक्ष टेबलाच्या खाली. टेलिफोनच्या यंत्रणेतले जुने रिले आणि स्विच जोडून एकाच वेळी अनेक गाड्या अनेक रुळांवरून कशा चालवता येतील, याची जुळणी ही टेबलाखालची मंडळी रात्र-रात्र करत बसत. पहिले हॅकर या दुसऱ्या पंथातून आले.

तेव्हा एमआयटीत आयबीएम ७०४ हा प्रचंड संगणक होता, पण विद्यार्थ्याला त्याच्याजवळ फिरकायची सोय नव्हती. प्रोग्राम कार्डांवर पंच करायचा, कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे सोपवायचा आणि कितीतरी तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, उत्तर न्यायला यायचं. एखादी खूण चुकली असली की पुन्हा पहिल्यापासून रांग. १९५८ मध्ये लिंकन लॅबोरेटरीकडून टीएक्स-० नावाचा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक एमआयटीत आला. त्याच्यासमोर माणसाला स्वतः बसता येत होतं. कागदी फितीवरून प्रोग्राम भरायचा, चालवून बघायचा, अडला तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. जॅक डेनिस हे पूर्वी क्लबात असलेले तरुण प्राध्यापक. त्यांनी मुलांना या यंत्राचा रस्ता दाखवला. दिवसाचे तास संशोधकांनी राखून ठेवलेले असत, म्हणून ही मुलं रात्री येऊन बसत. कुणी आपली पाळी चुकवली तर ती मिळावी म्हणून पहाटेपर्यंत तिथेच घोटाळत.

प्रोग्रामिंगच्या आनंदाचं पहिलं कारण मला इथे सापडतं. मनात एक विचार आला, तो नेमक्या शब्दांत मांडला आणि तो बरोबर की चूक हे समोरच्या यंत्राने त्याच क्षणी सांगितलं, असा अनुभव फार थोड्या उद्योगांत येतो. यंत्र भीड ठेवत नाही आणि आपला हुद्दाही विचारत नाही. चूक सापडेपर्यंत माणूस चिडतो, थकतो, पण उठत नाही. ज्याने एकदा तरी रात्री दोन वाजता बग पकडला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

जवळपास त्याच वर्षांत आपल्याकडे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक तरुण चमू देशी बनावटीचा पहिला आधुनिक संगणक बांधत होता. १९५६ मध्ये त्याची छोटी प्रायोगिक आवृत्ती झाली आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागलं. पुढे त्याचं नाव 'टिफ्रॅक' पडलं. ४० बिटांचे २,०४८ शब्द एवढी त्याची स्मृती. ज्यातल्या बहुतेकांनी असं यंत्र कधी हाताळलेलंही नव्हतं अशा चमूने ते सर्किटपासून उभं केलं, हा पराक्रम लहान नव्हता. उणीव होती ती यंत्रांच्या संख्येची. रात्रभर मुलांच्या हाती सोपवून देता येतील इतके संगणक आपल्या देशात फार काळ नव्हतेच. कौशल्य आणि जिद्द इथेही होती, पण रिकामटेकड्या उचापतींना जागा मिळाली नाही. संस्कृती अशा उचापतींतून वाढते, हे या पुस्तकातल्या बहुतेक प्रकरणांतून दिसेल.

आता एक-दोन उदाहरणं जवळून पाहू. यंत्रात द्विमान पद्धतीत साठवलेली संख्या आपल्या नेहमीच्या दशमान आकड्यांत छापायची, असा एक साधा प्रोग्राम टीएक्स-० च्या मंडळींना हवा होता. प्रोग्राम झाला, चालला. मग तो कमी सूचनांत कसा बसवता येईल याची चढाओढ लागली. एकेक सूचना काढत मंडळी पन्नाशीच्या आसपास आली आणि तिथे सगळेच अडले. जेन्सन नावाच्या एका तरुणाच्या लक्षात आलं की अंक उलट्या क्रमाने सोडवले आणि तरी सुलट क्रमाने छापले, तर काम आणखी आटोपशीर होतं. त्याचा प्रोग्राम ४६ सूचनांत बसला. या चार-दोन सूचना वाचल्याने कुणाचं काही अडलेलं सुटलं असं झालं नाही. पण पाहणाऱ्या प्रत्येकाला कळलं की हे सुंदर आहे. आणि ते कळणारी माणसं आजूबाजूला होती, हेही तितकंच महत्त्वाचं. प्रोग्रामरला टाळ्या हव्या असतात त्या जाणकारांच्या.

दुसरं उदाहरण 'स्पेसवॉर' या खेळाचं. १९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आपला पीडीपी-१ हा संगणक एमआयटीला भेट दिला. त्याला गोल पडदा होता. या पडद्यावर काय केलं म्हणजे यंत्राचा कस लागेल, या गप्पांतून दोन अंतराळयानांच्या लढाईची कल्पना निघाली, आणि ती लिहायचं काम स्टीव्ह रसेलवर आलं. रसेल चालढकल करत राहिला. साइन-कोसाइन काढायचा प्रोग्राम आपल्याकडे नाही, ही त्याची सबब. तेव्हा अ‍ॅलन कोटॉक कंपनीत जाऊन तो प्रोग्राम असलेली कागदी फीत घेऊन आला, रसेलपुढे ठेवली आणि म्हणाला, आता बोल. १९६२ च्या सुरुवातीला खेळ चालू झाला. मग ज्याला जे खटकलं ते त्याने सुधारलं. पार्श्वभूमीवरचे तारे मनाला येईल तसे टाकलेले होते. पीटर सॅमसनला ते सहन होईना. त्याने तक्ते घेऊन खऱ्या आकाशातले तारे आपापल्या जागी आणि आपापल्या तेजानुसार बसवले. डॅन एडवर्ड्सने मधोमध सूर्य ठेवून त्याचं गुरुत्वाकर्षण आणलं, त्यामुळे खेळात डावपेच आले. यंत्राच्या कळपट्टीवरचे स्विच दाबून कोपरं दुखू लागली, तर कोटॉक आणि बॉब साँडर्स यांनी रेल्वे क्लबातल्या सुट्या भागांतून हातात धरायचे नियंत्रक बनवले. या खेळाचे पैसे त्यांच्यापैकी कुणालाही मिळाले नाहीत. पुढे कंपनीच यंत्र ठीक चालतं की नाही हे तपासायला हा खेळ वापरू लागली.

स्पेसवॉरच्या या गोष्टीत जवळजवळ सगळ्या प्रेरणा एकत्र भेटतात: यंत्राला आव्हान देण्याची खुमखुमी, मित्रांचा लकडा, आणि डोळ्यांत खुपणारी गोष्ट नीट केल्याशिवाय चैन न पडण्याचा स्वभाव. या तिसऱ्या प्रेरणेवर मी पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत, कारण मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळ तिच्यातून उगवली.

रिचर्ड स्टॉलमन १९७१ पासून एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना पडद्यावर तसा निरोप जाईल, अशी सोय त्यांनी प्रोग्राममध्ये बदल करून केली होती. मग झेरॉक्सकडून नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सोबत आलेला नव्हता, त्यामुळे तीच साधी सुधारणा करता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो कोड आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याला भेटले. कोड कुणाला देणार नाही असं मी लिहून दिलं आहे, असं सांगून त्याने नकार दिला. हा नकार स्टॉलमन विसरले नाहीत. जे यंत्र माझ्यासमोर आहे, जे दुरुस्त कसं करायचं हे मला येतं, ते दुरुस्त करायला मला बंदी का असावी, हा त्यांचा प्रश्न. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला. प्रोग्राम वापरा, वाचा, बदला, वाटा. मात्र बदललेला प्रोग्राम वाटाल तर पुढच्यालाही हेच हक्क द्या, हा त्याचा गाभा. हेलसिंकीच्या त्याच विद्यार्थ्याने, म्हणजे लिनस टोरवाल्ड्स यांनी, १९९२ मध्ये लिनक्सला हाच परवाना लावला, आणि एका विद्यार्थ्याची हौस हजारो हातांचं काम झाली.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मला तितक्याच प्रामाणिकपणे मांडायची आहे. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये एका गॅरेजात होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. ऑल्टेअर हा घरी जोडायचा संगणक नुकताच बाजारात आला होता. बिल गेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी लिहिलेल्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेची कागदी फीत क्लबातल्या मंडळींनी नकलून एकमेकांना वाटून टाकली. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी मंडळींना एक खुलं पत्र लिहिलं. व्यावसायिक दर्जाचं काम फुकट करणं कुणाला परवडेल, हा त्यांचा सवाल होता. पत्रातला राग बाजूला ठेवला तर सवाल रास्तच होता. त्याला उत्तर म्हणावं असंही त्याच वर्षी घडत होतं. 'टायनी बेसिक' ही भाषेची छोटी आवृत्ती वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या यंत्रांसाठी लिहून काढली, नियतकालिकात छापली आणि सर्वांना खुली केली. तेव्हापासून हे दोन मार्ग शेजारी-शेजारी चालत आले आहेत. एक मार्ग खरा आणि दुसरा खोटा असं मी म्हणणार नाही. पण पैसा न देता माणूस चांगलं काम करेल का, या शंकेचं उत्तर मात्र इतिहासाने देऊन टाकलं आहे.

संशोधकांनीही ते तपासलं आहे. करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांनी २८७ मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांतल्या ६८४ प्रोग्रामरांना त्यांच्या प्रेरणांविषयी विचारलं. २००५ मध्ये पुस्तकरूपाने आलेला त्यांचा निष्कर्ष असा की, काम करताना आपण काहीतरी निर्माण करतो आहोत ही जाणीव सर्वांत प्रबळ प्रेरणा ठरते. त्याच्या जोडीला स्वतःची गरज, बुद्धीला मिळणारं खाद्य आणि कौशल्य वाढवण्याची इच्छा या गोष्टी येतात. यातल्या सुमारे चाळीस टक्के लोकांना त्या कामाचे पैसे मिळत होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पैसा आणि आनंद एकमेकांचे वैरी नाहीत.

मान हीदेखील मिळकत असते. डोनाल्ड नुथ यांना १९७७ च्या सुमारास स्वतःच्या पुस्तकाची नव्या पद्धतीने जुळवलेली मुद्रितं इतकी कुरूप वाटली की गणिताची पानं देखणी जुळवणारी 'टेक' ही प्रणाली त्यांनी स्वतः लिहायला घेतली. वर्षभराचं काम म्हणून हाती घेतलं, आणि त्यात दहा वर्षं गेली. आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत. हे धनादेश पुष्कळांनी वटवलेच नाहीत. चौकटीत बसवून भिंतीवर लावले. या टेकवर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९० च्या सुमारास देवनागरीचे टंक आणि जुळणीची सोय लिहून सर्वांना खुली केली. जगभरच्या संस्कृतच्या अभ्यासकांनी त्यावर आपली पुस्तकं जुळवली. नागरी लिपीचं हे काम एका डच माणसाने केलं, कारण त्याला ते करावंसं वाटलं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही नुसती गुणगौरवाची पोथी आहे. तसं होऊ नये म्हणून एक अप्रिय प्रसंग मी मुद्दाम पहिल्याच भागात घेतला आहे. पीडीपी-१ वर रात्री काम करणाऱ्या मंडळींनी एकदा यंत्राच्या तारा बदलून त्यात एक नवी सूचना घातली. कुणाला विचारलं नाही. सकाळी मार्गारेट हॅमिल्टन या हवामानाच्या गणिताचा प्रोग्राम चालवायला आल्या. कंपनीने पुरवलेला असेम्बलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, त्या वापरत होत्या, आणि तो या बदलामुळे बिघडला होता. त्यांचा प्रोग्राम काही केल्या चालेना. याच हॅमिल्टन यांनी पुढे अपोलो यानावरच्या सॉफ्टवेअरचं नेतृत्व केलं. यंत्र सर्वांसाठी खुलं असावं हे रात्रीच्या मंडळींचं तत्त्व होतं, पण त्या 'सर्वां'मध्ये सकाळी येणारी ही बाई त्यांनी मोजली नव्हती. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवून ठेवला, हे त्यांचं ऋण आहे. याच एमआयटीतले प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनी १९७६ मध्ये आणखी कडक शब्दांत इशारा दिला: यंत्रापुढून न उठणारी ही मुलं जुगाऱ्यासारखी आहेत, समोरच्या जगाशी त्यांचा संबंध तुटतो आहे. वायझेनबॉम यांचं सगळं म्हणणं मला पटत नाही. पण आपल्या आनंदाची किंमत दुसरं कुणी मोजत नाही ना, हा प्रश्न प्रत्येक प्रोग्रामरने स्वतःला विचारायला हवा.

आणि कधीकधी ती किंमत खुद्द आनंद घेणाराच मोजतो. प्रोग्राम लिहिणं हा सण आहे. तो वर्षानुवर्षं सांभाळणं हा संसार. लोक वापरू लागले की तक्रारी येतात, नवी यंत्रं येतात, जुन्या चुका उघड्या पडतात. इंटरनेटवरच्या असंख्य संस्थळांची सुरक्षितता ज्या ओपनएसएसएल या मुक्त प्रकल्पावर अवलंबून होती, त्यात एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' ही गंभीर चूक सापडली. तेव्हा जगाला कळलं की त्या प्रकल्पाला देणग्या मिळायच्या त्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर.

त्याहून मोठा धडा दहा वर्षांनी मिळाला. एक्सझेड नावाची फाइली आवळून लहान करणारी एक साधी सुविधा लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत असते. ती वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत होता आणि थकला होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग दूरवरून दुसऱ्याच्या संगणकात घुसता येईल असा चोरदरवाजा २०२४ च्या आवृत्तीत बेमालूम बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाची मापं घेत होते. दुसऱ्या यंत्रात लॉगिन करायला एरवी ०.३ सेकंद लागतात ते ०.८ लागताहेत, एवढंच त्यांना दिसलं. अर्ध्या सेकंदाचा फरक. दुसरा कुणी असता तर यंत्रावर ताण असेल म्हणून पुढे गेला असता. फ्रॉइंड यांना ते खुपलं. ते खणत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळा प्रकार जाहीर केला. हा कोड जगभर पसरण्याच्या उंबरठ्यावर होता.

मला या घटनेत दोन्ही गोष्टी दिसतात. तारे चुकीच्या जागी आहेत म्हणून अस्वस्थ होणारा सॅमसन आणि अर्धा सेकंद जास्त लागला म्हणून अस्वस्थ होणारे फ्रॉइंड एकाच जातकुळीचे. ती वृत्ती होती म्हणून आपण वाचलो. पण एका थकलेल्या माणसाला एकटं सोडलं होतं, म्हणून ती वेळ आली. हौशीने उभ्या राहिलेल्या कामावर कंपन्या उभ्या राहिल्या, सरकारं विसंबली, आणि सांभाळणाऱ्याची विचारपूस मात्र राहून गेली. प्रेरणेचा अभ्यास नुसत्या कुतूहलापोटी करायचा नाही, याचं कारण हेच आहे. माणूस कशासाठी राबतो हे कळलं तरच तो कशाने मोडतो हेही कळतं.

पुस्तकाचा शेवटचा भाग मराठीविषयी आहे, कारण न सांगितलेल्या कामाचं फळ आपण मराठी माणसं रोज चाखतो. 'दऱ्याखोऱ्या' या शब्दातला तो आडवा र पडद्यावर नीट उमटावा, मराठी वळणाचे ल आणि श हिंदीच्या वळणाने छापले जाऊ नयेत, या गोष्टी आपोआप झालेल्या नाहीत. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' टंक रेड हॅटने मुक्त परवान्याखाली सर्वांना दिले. मग ठिकठिकाणच्या लोकांनी त्यातली अक्षरं तपासली, जोडाक्षरांच्या चुका कळवल्या, दुरुस्त केल्या. 'गमभन'सारख्या सुविधेने रोमन कळफलकावरून मराठी लिहिण्याची सोय केली. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांचे मेनू मराठीत आले ते स्वयंसेवकांनी एकेक ओळ भाषांतरित केली म्हणून. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही उपलब्ध केले. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं 'जीएनयूनिफाय' हा मेळावा भरवला. या मंडळींपैकी बहुतेकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. आपण मराठीच्या भवितव्याची चिंता व्यासपीठावरून करतो. ती कृतीत आणणाऱ्यांमध्ये या अनाम मंडळींचं स्थान फार वरचं आहे, असं मी मनापासून मानतो.

इतकं असूनही आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे वातावरण अजून पुरेसं पोचलेलं नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये गेल्या वर्षीचाच प्रोग्राम उतरवून काढायचा, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट बाहेरून विकत आणायचं, मुलाखतीचे प्रश्न घोकायचे, असा क्रम अनेक ठिकाणी चालतो. मुलांना मी दोष देत नाही. ज्याने चालत्या प्रोग्रामचा सोर्स कोड कधी उघडून वाचलेला नाही, त्यात आपण बदल केला आणि तो दूरच्या अनोळखी माणसाने तपासून स्वीकारला हा अनुभव घेतलेला नाही, त्याला पगारापलीकडचं काही दिसणार कसं? आता तर सांगू तो कोड लिहून देणारी यंत्रं हाताशी आली आहेत. त्यामुळे 'मग आम्ही शिकायचं कशाला' हा प्रश्न वर्गावर्गात ऐकू येतो. त्याचं उत्तर याच पानांत आहे. काय करायचं हे सांगितल्यावर ते करणं यंत्राला जमेल. पण अर्धा सेकंद जास्त का लागला, हे फ्रॉइंड यांना कुणी विचारलेलं नव्हतं. प्रश्न स्वतःहून पडणं आणि तो सुटेपर्यंत त्याचा पिच्छा न सोडणं, ही खरी विद्या आहे. ती वाढवायची तर लिहिता-वाचता येणाऱ्या कोडशी स्वतः झटावं लागतं.

पुस्तकाची मांडणी थोडक्यात सांगतो. पहिल्या भागात एमआयटीपासून १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेल्या युनिक्स या प्रणालीपर्यंतचा काळ आहे. दुसरा भाग मुक्त सॉफ्टवेअर, परवाने आणि पैशाशी झालेला झगडा यांचा. तिसरा भाग सांभाळणाऱ्यांचा. माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा, आणि ज्यांना तांत्रिक तपशिलात रस नाही त्यांनी तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. चौथा भाग मराठीचा. कोडचे मोजके नमुने दिले आहेत ते विद्यार्थ्यांसाठी. बाकीच्यांनी ते ओलांडून पुढे गेलं तर धागा सुटणार नाही.

विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. पुस्तक वाचून संपण्याची वाट पाहू नका. तुम्ही रोज वापरता असा एखादा मुक्त प्रोग्राम निवडा, त्याचा सोर्स कोड उतरवून घ्या, आणि तुम्हाला स्वतःला खटकणारी एक बारीक गोष्ट त्यात शोधा. मराठी मेनूतला चुकलेला शब्द असला तरी पुरे. ती दुरुस्त करून पाठवा. नाकारली तर का नाकारली ते वाचा आणि पुन्हा पाठवा. ज्यांच्या हाती कंपन्यांचे, विद्यापीठांचे आणि सरकारी खात्यांचे निर्णय आहेत, त्यांना वेगळी विनंती. तुमच्या यंत्रणा ज्या मुक्त प्रकल्पांवर उभ्या आहेत त्यांची यादी एकदा करा, त्यातला प्रत्येक प्रकल्प कोण सांभाळतं ते पाहा, आणि त्या माणसांसाठी पैसा आणि मनुष्यबळ यांची तरतूद करा. ज्यांनी न सांगता इतकं केलं, त्यांच्या कामाचा थोडा भार आपण उचलणं हे आपलं कर्तव्य आहे, आणि ते निभावण्याइतकी ऐपत आज महाराष्ट्राकडे नक्की आहे.